दुसऱ्यांदा बांधलेला फेटा

भावजी, काल स्टेडियमवर हंगामातली पहिली मॅच झाली आणि आपल्या घरातून कुणी गेलं नाही. गोल झाला की गॅलरीतला ओरडा राजारामपुरीत माझ्या घरापर्यंत येतो, असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, शक्यच नाही, मध्ये एवढी घरं, एवढ्या रिक्षा. काल दुपारी मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. काही ऐकू आलं नाही. म्हणजे एवढ्या वर्षांच्या त्या वादात मीच बरोबर होते. ते सांगायला म्हणून आत वळले, तर सांगायचं कुणाला?

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय. रविवारी नातवाचा, रोहनचा, फोन आला होता. तिकडे इंग्लंडात थंडी सुरू झाली आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "आजी, फुटबॉल-आजोबांची टीम नक्की कुणाची होती? म्हणजे मालक कोण?" त्याची बहीण मीरा मागून म्हणाली, अरे, त्यांचीच. मी म्हटलं, नव्हती. मग कुणाची, असं दोघांनी एकदम विचारलं आणि मला फोनवर उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. लिहिते तुम्हाला, पण वाचतील ती दोघं, त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मधे मधे सांगाव्या लागतील. रागावू नका. तुमची सांगायची तऱ्हा वेगळी, आधी शेवटचा गोल आणि मग मागे मागे येत टॉसपर्यंत. मला ते जमत नाही. मी क्रमाने सांगते.

कोल्हापुरातली आपली गल्ली चिंचवेस, आणि गल्लीच्या तोंडाशी तालीम. लाल मातीचा हौदा, भिंतीतला मारुती, आणि मोहरमच्या दिवसांत त्याच छपराखाली पंजाही बसायचा. सकाळी कुस्ती खेळणारी पोरं संध्याकाळी फुटबॉलचे बूट चढवायची. प्रत्येक तालमीची एक टीम आणि प्रत्येक टीमची एक गल्ली. चिंचवेस हरली की त्या दिवशी गल्लीत कुणाच्याच घरी धड जेवण व्हायचं नाही. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इथे कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं वेडेपणाचं वाटलं होतं. तुम्ही तेव्हा गोलकीपर होता, उजव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं झालेलं. पुढे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून झालात, लग्न केलं नाहीत, आणि टीम सांभाळलीत. मैदानावर चुन्याची फक्की मारण्यापासून ते पोरांच्या आयांची समजूत काढण्यापर्यंत सगळं. पद कोणतंच नव्हतं. तुम्ही टीमचे कोण, असं कुणी विचारलं तर म्हणायचात, "मी चिंचवेसचा."

आता फेट्याचं सांगते, कारण पोरांना ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

हंगामाच्या आधी मारुतीसमोर जर्सी मांडायच्या, नारळ फोडायचा आणि एका पाहुण्याला फेटा बांधायचा. बांधायचे शब्बीरभाई, ट्रकच्या मागच्या पाट्या रंगवणारे तुमचे लहानपणापासूनचे दोस्त. ज्याला फेटा, त्याने त्या वर्षीचे बूट, बॉल आणि गाडीभाडं बघायचं. एका वर्षी गुळाचे अडते, एका वर्षी कोपऱ्यावरचे डॉक्टर, एका वर्षी आजऱ्याचे एक काजू कारखानदार, ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे शेवटपर्यंत समजलं नाही. या सगळ्यात नियम एकच होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. एका माणसाला फेटा एकदाच. पुढच्या वर्षी नवा माणूस. जुन्याने मॅचला यायचं, मानाने बसायचं, चहा प्यायचा, आणि कुणाला खेळवायचं यावर तोंड उघडायचं नाही.

मी म्हणायचे, भावजी, हे असं हवेवर किती दिवस चालणार? घटना लिहा, सभासद करा, निवडणूक घ्या. तुम्ही भाकरी मोडता मोडता हसायचात. "वैनी, तुमच्या कॉलेजात घटना हाय न्हवं? मग रोज भांडणं का होत्यात?" मी निरुत्तर झालेली नसायचे, पण उत्तराला तुम्ही थांबायचाच नाहीत. हात धुवायला उठायचात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे खेळ बदलला. शेजारच्या तालमींनी बाहेरून खेळाडू आणले, आधी गोव्याचे, केरळचे, मग थेट आफ्रिकेतले. जर्सीवर बिल्डरांची नावं आली. चिंचवेसची गल्लीतली पोरं त्यांच्यासमोर मध्यंतरालाच कमरेवर हात ठेवून उभी राहायला लागली. एका हंगामात खालच्या गटात ढकलले जायची वेळ आली आणि शेवटच्या मॅचला कसेबसे वाचलो. त्या वर्षी फेटा होता बसूअण्णांना.

बसूअण्णा गडहिंग्लजचे. घरात कानडी, बाजारात मराठी. उसाच्या ट्रकांचा धंदा, आणि जोडीला नव्यानेच सुरू केलेला प्लॉटचा. स्वतः चांगले खेळलेले. मॅचला खुर्चीवर न बसता गोलच्या मागे उभे राहायचे आणि पोरांना शिव्या द्यायचे त्याही खेळ समजणाऱ्या माणसाच्या. तुम्हाला 'दत्ताअण्णा' म्हणायचे. ते वाईट असते तर हे लिहिणं मला सोपं गेलं असतं.

हंगाम संपल्यावर ते तुम्हाला म्हणाले, चांगले खेळाडू आणतो, पण असे खेळाडू एका वर्षासाठी येत नाहीत, दोन-तीन वर्षांची खात्री लागते. बोलणं बरोबरच होतं. पुढच्या हंगामाच्या पूजेला आम्ही बायका नेहमीसारख्या समोरच्या घराच्या सज्जात उभ्या होतो, कारण तालमीची पायरी आम्ही चढायची नव्हती. शब्बीरभाईंनी फेट्याचं कापड उलगडलं आणि समोर पाहुणा कोण ते बघून त्यांचे हात थांबले. ते मी सज्जातून बघितलं. काय बोलणं झालं ते मागाहून कळलं. ते म्हणाले होते, "दत्तू, ह्येनला बांधलाय की गेल्या साली." आणि तुम्ही म्हणाला होता, "बांध. टीम वाचवायची हाय."

शब्बीरभाईंनी बांधला. तिसऱ्या वर्षी कुणी काही विचारलंसुद्धा नाही.

आणि टीम वाचली, हेही लिहायला हवं. सॅम्युअल आला. नायजेरियातून आलेला, उंच, सावकाश बोलणारा. तुम्ही त्याला राजारामपुरीत आमच्या इमारतीत तळमजल्यावर खोली बघून दिलीत, कारण वर इंग्रजी येणारी वैनी होती. मी तुम्हाला भावजी म्हणते ते ऐकून तोही तुम्हाला भावजी म्हणायला लागला आणि बघता बघता सगळी गॅलरी म्हणायला लागली. तुम्ही त्याला घरी नेऊन तांबडा रस्सा वाढलात, आता हा पाणी पाणी करणार म्हणून आम्ही बघत बसलो, तर त्याने आणखी चटणी मागितली. तुम्ही म्हणालात, "ह्यो आपल्यापेक्षा कोल्हापुरी हाय." ती दोन वर्षं चिंचवेस अशी खेळली की मी मुद्दाम तास बदलून स्टेडियमवर यायला लागले. तुम्ही मला ऑफसाइड समजावलंत. तो आनंद खोटा नव्हता, भावजी. नंतर जे झालं त्याने तो खोटा ठरत नाही.

मग शहराच्या फुटबॉल संघटनेने नियम आणला. बाहेरचे खेळाडू वाढले होते, त्यांचे पगार थकायला लागले होते, एका टीमचे आश्रयदाते तर हंगामाच्या मध्येच फोन उचलेनासे झाले होते. तेव्हा संघटनेने ठरवलं की प्रत्येक टीमने आपला मालक नोंदवायचा. पगार बुडाले तर तो जबाबदार, आणि टीमबद्दलचा कोणताही निर्णय त्याच्या सहीने. मला नियम पटला. मी म्हटलंही, उशिरा का होईना, कुणीतरी विचार करतंय. तुम्ही मात्र मालकाच्या जागी 'मारुती' लिहून दिलंत. तिथला कारकून हसला आणि म्हणाला, जिवंत माणसाचं लिवा. आमचे हे असते तर वकिलाच्या थाटात म्हणाले असते की आपल्या कोर्टात देवाच्या नावावर जमिनी असतात, मग टीमच का नको. पण हे तोवर गेले होते. मी म्हटलं, तालमीतल्या वडीलधाऱ्या दहाजणांची नावं द्या. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला अजून ऐकू येतं.

"आणि बसूअण्णा? आमचा फेटा त्येच्या डोक्यावर, आणि नाव दुसऱ्याचं घालायचं? मान ऱ्हातोय का वैनी?"

मान म्हणून तुम्ही त्यांचं नाव घातलंत. पंगतीत पाहुण्याला पहिलं ताट द्यावं तसं. बसूअण्णा आधी नको नको म्हणाले, मग खूश झाले. आपल्याकडच्या माणसांशिवाय ही चूक कुणी केली नसती. तुम्ही मालक नेमत नव्हता. तुम्ही पाहुणचार करत होता.

प्लॉटचा धंदा वर्षभरात बसला. दाखवलेली जमीन एक आणि मिळणारी दुसरी असं काहीसं निघालं आणि गडहिंग्लजला त्यांच्या दारात माणसं बसायला लागली. इकडे पगार थांबले. गोव्याची पोरं रातोरात निघून गेली. सॅम्युअल राहिला, कारण त्याच्याकडे परतीचं तिकीट नव्हतं. एका सकाळी तो करारपत्र घेऊन वर आला आणि मला म्हणाला, मॅडम, यात जे लिहिलंय त्याचा अर्थ मला समजतो, पण आता मी कुणाकडे जाऊ ते कुठे लिहिलंय? मी त्याला चहा दिला. तेवढंच देण्यासारखं होतं.

आपण तिघं एसटीने गडहिंग्लजला गेलो. तुम्ही, मी आणि तो, मागच्या लांब सीटवर. सगळी एसटी वळून वळून बघत होती आणि तुम्ही प्रत्येकाला सांगत होता, आमचा फॉरवर्ड हाय. बसूअण्णांच्या दाराशी खरोखरच माणसं बसलेली होती. आत त्यांच्या आईने कानडीत "बन्नी, बन्नी", या, या, म्हणत आपल्याला बसवलं, पाणी दिलं. बसूअण्णा मधल्या खोलीतून आले. दाढी वाढलेली. सॅम्युअलकडे त्यांना बघवेना. तुम्ही पगाराचं काढलंच नाहीत. म्हणालात, सही द्या, टीम तालमीची तालमीला देऊन टाका, पुढचं आम्ही बघतो.

ते म्हणाले, "सही कशी देऊ? भाईर बसल्यात त्यांनी सगळं लिवून घेतलंय. ट्रक, घर, टीम."

"टीम?" तुम्ही विचारलंत.

"वरच्या गटातली जागा. एक क्लासवाला ती इकत मागतोय. माझ्याकडं इकण्यासारखं तेवढंच हाय म्हनं आता."

तुम्ही म्हणालात, "पर ती तुमची न्हवती की, अण्णा."

"मी म्हटलं हुतं का माझी?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मी बघायला आलतो दत्ताअण्णा. एकदा फेटा बांधलासा, मी पावणा हुतो. दुसऱ्यांदा बांधलासा, तिसऱ्यांदा बांधलासा, तवा मला बी वाटाय लागलं की ही टीम माझीच हाय. तुम्हीच वाटवलं."

सॅम्युअलने माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं नाही. परत येताना कागल येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता आणि मग एकदम म्हणालात, "खोटं न्हाई बोलला."

सॅम्युअलला गल्लीने घरी पाठवलं. कुणी काय दिलं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, फक्त तुमची मोटारसायकल त्या महिन्यात दिसेनाशी झाली. निघताना त्याने आपली जर्सी घडी करून मारुतीसमोर ठेवली आणि तुम्हाला वाकून नमस्कार केला, अगदी आपल्यासारखा. नंतर वर्षभर त्याचं कार्ड येत होतं. मग पत्ता बदलला असावा.

पुढचं सगळं ऑफिसांतलं. संघटनेने चिंचवेसला हंगामातून बाहेर ठेवलं, कारण नोंदलेल्या मालकाने पगार बुडवले होते. मी तुमच्याबरोबर आले होते. तिथले अध्यक्ष भले गृहस्थ, तुमच्या हाताखाली खेळलेले. ते म्हणाले, दत्ताभाऊ, आम्हाला सगळं समजतं, पण बंदी उठवायचा अर्ज मालकाच्याच सहीने लागतो. मालक सही करेना, कारण त्याच्या सह्यांवर आता दुसऱ्यांची नजर. तुम्ही विचारलंत, "मग मी कोण?" ते खाली बघत म्हणाले, "तुम्ही ज्येष्ठ मार्गदर्शक." जिना उतरताना तुम्ही कठड्याला हात लावलात. त्याआधी तुम्हाला कठडा धरताना मी कधी बघितलं नव्हतं.

नियम खेळाडूंसाठी केला होता, भावजी, तालमी बुडवण्यासाठी नाही. हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणेन. पण तो करणाऱ्यांनी धरून चाललं होतं की टीम म्हणजे कुणाच्या तरी मालकीची असणारच. कुणाचीच नसलेली गोष्ट कुठे नोंदवायची यासाठी त्यांच्याकडे जागाच नव्हती. त्यांनी मालक विचारला म्हणून मालक तयार झाला. आणि माझा राग असा की तुम्हीही त्यांना तो तयार करून दिलात.

बंदीच्या दुसऱ्या हंगामाच्या आधी तुम्ही पोरांना तालमीत बोलावून सांगितलंत, दुसरीकडं खेळा, वय थांबत नसतंय. कोल्हापुरात दुसऱ्या तालमीची जर्सी घालणं म्हणजे काय, हे रोहन-मीराला कसं समजावू? एक एक पोरगा नवी जर्सी घेऊन तुमच्या पाया पडायला आला. तुम्ही प्रत्येकाच्या पाठीवर हात मारलात आणि म्हणालात, आमच्यावर एक गोल घातलास तर तंगडं मोडीन. पोरं हसली. घालायला आमची टीम होतीच कुठे.

गेल्या उन्हाळ्यात रोहनने फोनवर सांगितलं की त्याच्या गावातला जुना क्लबही बुडायला आलाय. मालकाने कर्ज करून ठेवलंय, मैदान गहाण आहे, लोक गेटवर फुलं आणि मफलर बांधतायत. मी फोन तुमच्या कानाला लावला. तुम्ही आधी म्हणालात, "तितं बी?" रोहनने सांगितलं की तिकडे लीग मालकाची चौकशी करते, क्लब घेणारा माणूस लायक आहे की नाही ते बघते आणि मगच परवानगी देते. तुम्ही विचार केलात. "येताना तपासत्यात व्हय? बरं हाय. पर जाताना कोन तपासतंय? बसूअण्णा आला तवा तुम्ही त्येला धा वेळा तपासला आसता तरी पास झाला आसता." रोहन हसला. तो म्हणतो, त्याने ते वाक्य कॉलेजात सांगितलं. तुम्हाला हे सांगायचं राहून गेलं होतं.

स्टेडियमवर तुम्ही जातच राहिलात. गॅलरीत प्रत्येक तालमीची जागा ठरलेली. चिंचवेसची उत्तरेच्या कोपऱ्यात, खांबाच्या अलीकडे. पहिल्या वर्षी तो कोपरा कुणी भरला नाही. तुम्ही आणि शब्बीरभाई मध्यभागी बसायचात आणि चारी बाजूंनी रिकाम्या पायऱ्या, लोकांनी मान म्हणून सोडलेल्या. दुसऱ्या वर्षी एक दिवस तुम्ही मॅच अर्धी सोडून थेट माझ्याकडे आलात. पाणी मागितलंत. पंखा लावायला सांगितलात. मी विचारलं, काय झालं?

"काय न्हाई. पोरं हुती कुठली तर. त्येनला बसायचं हुतं." ग्लास खाली ठेवलात. "म्हणाली, पावणं, जरा सरका की."

"मग?"

"सरकलो."

त्यानंतर तुम्ही मॅचला गेला नाहीत. लोक म्हणाले हृदयाचा त्रास. डॉक्टरांनीही तेच लिहिलं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही बरंचसं झोपलेले असायचात. मी पेपर वाचून दाखवायचे, खेळाचं पान सोडून. एका दुपारी तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "वैनी, दुसऱ्यांदा फेटा बांधला तवा तुम्ही सज्जात हुतासा. बघितलासा. मग बोलला का न्हाईसा? सगळ्यावर बोलत आलासा, त्याच्यावरच का न्हाई?"

मी म्हटलं, झोपा आता. नर्स आली, सलाईन बदललं, आणि तो विषय तिथेच राहिला. माझ्याकडे उत्तर होतं, भावजी. सज्जात उभी असलेली बाई मी, मला कुणी विचारलं होतं? घटना लिहा, नियम करा, हे मी आयुष्यभर तुमच्या ताटासमोर बोलले, तालमीच्या पायरीवर नाही. तुम्ही मला वाद घालायला ठेवलंत, विचारायला नाही. हे आजारी माणसाला कसं म्हणणार? आता म्हणते. आणि हेही म्हणते की तुमच्या त्या न लिहिलेल्या नियमाची किंमत मला तो मोडलेला बघेपर्यंत कळली नाही. संघटनेचा नियम माणूस शोधत होता. तुमचा नियम माणसाला वेळेवर घरी पाठवत होता. माझ्या सगळ्या घटनांपेक्षा तो शहाणा होता, आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने मोडलात. तुम्हाला शब्बीरभाईंनी थांबवलं होतं. माझी वाट कशाला बघितलीत?

रक्षाविसर्जनाला सगळे आले. तुमच्या पोरांनी वेगवेगळ्या तालमींच्या जर्सी घातल्या होत्या, कारण त्यांच्याकडे त्याच होत्या. बसूअण्णा एसटीने आले आणि लोकांच्या मागे उभे राहिले. सगळं आटोपल्यावर ते तालमीशी गेले आणि पिशवीतून फेटे काढले, धुऊन, इस्त्री करून आणलेले. शब्बीरभाईंपुढे धरले. शब्बीरभाईंनी हात मागे घेतले. दिलेला फेटा तालीम परत घेत नाही, म्हणाले, घरी न्या. बसूअण्णा म्हणाले, घर ऱ्हायलंय कुठं? फेटे पायरीवर ठेवून ते निघून गेले. कुणी त्यांना शिवी दिली नाही, कुणी चहा विचारला नाही. फेटे दोन दिवस तसेच पडून होते. मग शब्बीरभाईंनी ते उचलून आत खुंटीला टांगले.

वरच्या गटातली आपली जागा गेली. ती यंदा दुसऱ्या टीमला दिली. 'चिंचवेस' हे नाव अजून बसूअण्णांच्या प्रकरणात अडकलेलं आहे आणि वकील म्हणतात ते सुटायला वर्षं जातील. संघटनेने एवढंच मान्य केलं की गल्लीतल्या लहान पोरांनी नवी टीम काढावी, नवं नाव घ्यावं आणि सगळ्यात खालच्या गटापासून सुरुवात करावी. तुम्हाला आवडलं नसतं. मलाही आवडलं नाही.

गेल्या आठवड्यात शब्बीरभाई आणि तालमीतली चारजणं माझ्याकडे आली. अर्ज लिहून हवा होता. पोरांनी नाव ठरवलं होतं, तुमचं. दत्ताभावजी फुटबॉल क्लब. मोठ्या अक्षरांत काढूनही आणलं होतं. त्यांनी ते टेबलावर पसरलं आणि शब्बीरभाई म्हणाले, "वैनी, तुम्ही सांगा. तुम्ही घरच्या." त्यांचे डोळे भरलेले होते.

मी नाही म्हटलं.

एक पोरगा म्हणाला, बाई, तुमचाच दीर ना? मी म्हटलं, म्हणूनच. ज्या टीमवर एका माणसाचं नाव चढलं ती टीम कशी गेली ते तुम्ही बघितलंय. भावजींनी आयुष्यात एकदा एका माणसाला तालमीपेक्षा मोठं केलं आणि त्याचं दुःख घेऊन ते गेले. आता तुम्ही ते त्यांच्याच नावाने परत करायचं म्हणता? गल्लीचं नाव घ्या, चिंचेचं घ्या, खांबाचं घ्या. माणसाचं नको. आणि आणखी एक, फेटा एकाला एकदाच, हे अर्जातल्या नियमांत पहिलं मी लिहिणार आहे. पोरं रागावून उठली. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

रोहन, मीरा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. ती टीम कुणाची नव्हती. ती कुणाची तरी झाली आणि संपली.

भावजी, तुम्ही विचारलं होतंत की मी का बोलले नाही. या वेळी मला विचारलं आणि मी बोलले. बोलले ते तुमचंच नाव पुसायला. शब्बीरभाई सगळ्यांच्या मागे दारात थांबले, चपला पायात सरकवत म्हणाले, "दत्तू आसता तर तुमच्यावर लई वरडला आसता, वैनी."

ओरडा की, भावजी. मी बाल्कनीत बसले आहे.